सात नंबरवरचा चंद्र

"पिशवी उलटी कर!" भैय्याजी हटवार गरजले.

दुर्गानं पिशवी उलटी केली. रस्त्यावर पडलं ते एवढंच: जर्मनचा एक डबा, तंबाखूची डबी, एक ओलं फडकं आणि कुम्हारीच्या बसचं चुरगळलेलं तिकीट. भैय्याजींनी डबा उघडून हुंगला. त्यात पाच नंबरवाल्यांनी दिलेली रात्रीची वांग्याची भाजी होती.

"माल पुढं पाठवून मोकळी झाली असन," ते जमलेल्या बायकांकडे वळून म्हणाले. "हिच्या जोडीले कोणी तरी हाय. ही आतून सांगते, तो बाहेरून येते."

सेक्टर दोनमधल्या आठ क्वार्टरांच्या त्या लाइनीत भरदिवसा चोरी झाली होती. तीन नंबरात राहणाऱ्या विजया लांजेवार साडेबाराला शाळेतून परत आल्या, तेव्हा मागच्या अंगणाचं टिनाचं दार सताड उघडं होतं आणि स्वयंपाकघराच्या दाराचा कोयंडा उपटून जमिनीवर पडला होता. कपाटातून घड्याळ गेलं, ट्रान्झिस्टर गेला आणि त्यांच्या आईनं मरताना हातात ठेवलेला सोन्याचा गोफ गेला. पंधरा दिवसांपूर्वी दोन नंबरातून चांदीची समई आणि ताटं गेली होती. परवा मंगळवारी तर खुद्द भैय्याजींच्या सात नंबरात चोर अंगणापर्यंत शिरला होता. आत भैय्याजी झोपलेले होते. ते आरडाओरडा करत उठले म्हणून तो पळाला. आता आज ही तिसरी खेप, आणि लाइनीला आता कोणी तरी हवंच होतं.

शेषराव गभणे जेवणाच्या सुट्टीत सायकलवरून घरी आले ते नेमके या घोळक्यात. ते एक नंबरात राहत. त्यांनी सायकल स्टँडवर लावली, पँटच्या पायाची क्लिप काढून खिशात ठेवली आणि मग मान वर केली. दुर्गा त्यांच्याकडेच बघत होती. भैय्याजी ओरडत होते, बायका कुजबुजत होत्या, विजयाबाई पायरीवर डोकं धरून बसल्या होत्या, पण ती बाई दुसऱ्या कोणाकडेच बघत नव्हती. शेषरावांनी नजर फिरवली. ती फिरली ती तीन नंबरच्या दारावर, तिथं टांगलेल्या स्लेटवर.

स्लेटवर वर एक सूर्य काढला होता. खाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "ए शिफ्ट. मॅडम शाळेत, साडेबारापर्यंत. दूध चार नंबरात द्यावे."

अक्षर शेषरावांचंच होतं. दर रविवारी सकाळी ते स्वतः लिहीत. त्या अक्षराचा त्यांना फार अभिमान होता, आणि आज पहिल्यांदा त्यांनी ते परक्या माणसाच्या डोळ्यांनी वाचलं. घरात पुरुष नाही, बाई नाही, साडेबारापर्यंत येणारही नाही.

"गभणेबाबू, तुमी बोला न काही," भैय्याजी म्हणाले. "साडेपाचले सगळे ड्यूटीवरून आले का हिले चौकीवर नेतो. तोवर बसन इथंच, सगळ्यायच्या डोळ्यासमोर."

भैय्याजींनी तिला आपल्या सात नंबरसमोर नेलं. तिथं झाड नव्हतं. मार्चचं ऊन डांबरावरून वर येत होतं. दुर्गा रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली.

शेषराव घरात गेले.

हा माणूस कसा होता ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. शेषराव तुमसरकडचे. एकसष्ट साली भिलाईला आले, पोलाद कारखान्याच्या टाइम ऑफिसात लागले आणि चोवीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या वेळा लिहिल्या. कोण किती वाजता आत गेला, किती वाजता बाहेर आला, कुणाची ए शिफ्ट सकाळी सहापासून, कुणाची बी दुपारी दोनपासून, कुणाची सी रात्री दहापासून. या चोवीस वर्षांत त्यांच्या रजिस्टरात एकही खाडाखोड नाही, हे ते स्वतःच सांगत, आणि जरा जास्तच वेळा सांगत. दोन मिनिटं उशीर झालेल्या मजुराकडे ते चष्म्यावरून असं बघत, की त्यापेक्षा त्यानं अर्धा दिवस कापून घेतला असता. लाइनीतसुद्धा त्यांचं तेच. कोणाचा रेडिओ मोठा, कोणाचा नळ वाहतो, सगळ्याची नोंद त्यांच्या डोक्यात. लोक तोंडावर गभणेबाबू म्हणत आणि पाठीमागे भोंगा म्हणत.

तरी एका बाबतीत लाइन त्यांना मानायची, आणि ती म्हणजे या स्लेटा. सी शिफ्ट करून आलेला माणूस सकाळी झोपतो. नेमका तेव्हाच दूधवाला बेल वाजवतो, धोबी हाका मारतो, भंगारवाला आरोळी ठोकतो. भैय्याजी क्रेन चालवत. एकदा झोप न झाल्यानं त्यांचा वर केबिनमध्ये डोळा लागला आणि खाली उभी असलेली तीन माणसं थोडक्यात वाचली. ते ऐकल्यावर शेषरावांनी सिविक सेंटरच्या बाजारातून आठ पाट्या आणल्या, शाळेच्या पोरांच्या असतात तशा, लाकडी चौकटीच्या. टाइम ऑफिसातल्या ड्यूटीच्या यादीवरून ते दर रविवारी आठही दारांवर शिफ्ट लिहू लागले. मग बायका म्हणाल्या, आमचंही लिहा. म्हणून शाळेची वेळ, बाजाराचा वार, माहेरी गेल्याची तारीख, दूध कुठं द्यायचं तेही लिहू लागले. त्या वर्षी गणपतीत लाइनीनं त्यांना शाल आणि नारळ दिला. शेषरावांनी भाषणही केलं होतं. ते चाळीस मिनिटं चाललं.

फक्त एक अडचण होती. लाइनीतल्या पाच घरी धुणीभांडी करणाऱ्या दुर्गाला वाचता येत नव्हतं. सी शिफ्टवाल्याच्या घरी ती ताट आपटायची आणि आतून शिव्या यायच्या. शेषराव दोनदा तिच्या अंगावर ओरडले. तिसऱ्यांदा त्यांनी खडू घेतला आणि ए शिफ्टसाठी सूर्य काढला, सीसाठी चंद्र. "जहाँ चंदा, वहाँ आवाज नहीं. समझी?" तिला लगेच समजलं. त्या दिवसापासून ती चंद्राच्या घरी मांजरीसारखी वावरायची.

तिची आणखी एक सवय त्यांनी मोडली. काम आटोपून जाताना ती मागच्या गल्लीनं जायची आणि जाता जाता प्रत्येक अंगणाच्या टिनाच्या दारावरून हात आत घालून खिटी पाडायची. ते घर तिचं असो की नसो. खट्, खट्, खट्, आठ वेळा. दिवाळीनंतर एक दिवस शेषरावांनी तिला गल्लीतच अडवलं. "ये खटखट बंद कर. आदमी सोता है." तिनं खिट्या पाडणं बंद केलं.

प्रेमलाबाईंनी ताट वाढलं. शेषराव भाताकडे बघत बसले.

"जेवा न जी. सुट्टी संपून राहिली."

"प्रेमला, ते दुर्गानं नाही केलं."

"तुमाले काय माहीत?"

शेषरावांना माहीत होतं, आणि माहीत होतं ते त्यांना घशाखाली उतरत नव्हतं.

काल, म्हणजे बुधवारी सकाळी, भैय्याजी त्यांच्याकडे तणतणत आले होते. "गभणेबाबू, काय उपयोग तुमच्या स्लेटीचा? तीन दिवस झाले, मायी सी शिफ्ट सुरू हाय अन् पेपरवाला, गॅसवाला, सगळे बेल वाजवून राहिले!" शेषराव त्यांच्यामागून सात नंबरपर्यंत गेले. भैय्याजी आत गेल्यावर त्यांनी स्लेट पाहिली. तिच्यावर सूर्य होता. ए शिफ्ट. खाली लिहिलं होतं, "बाई नागपूरला, रविवारपर्यंत." भैय्याजी दिवसभर घरात झोपत होते आणि दारावरची स्लेट साऱ्या जगाला सांगत होती की घर रिकामं आहे.

शेषरावांनी इकडेतिकडे पाहिलं, अंगठा थुंकीनं ओला केला, सूर्य पुसला आणि चंद्र काढला. चोवीस वर्षांतली पहिली खाडाखोड. वळले तर दुर्गा मागे बादली घेऊन उभी. तिनं स्लेटकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि निघून गेली.

तेव्हाच त्यांच्या मनात एक शंका चाटून गेली होती. मंगळवारी चोर याच घरात का आला? ज्या घरात सहा फुटी माणूस झोपला आहे तिथं? पण ती शंका पुढं नेली असती तर ती त्यांच्याच खडूपाशी येऊन थांबली असती. म्हणून त्यांनी ती पुढं नेली नाही. ते ऑफिसला गेले.

आणि आज तीन नंबर फुटलं.

"मी जातो," म्हणून ते उठले. ताट तसंच राहिलं.

त्यांनी सायकल काढली तेव्हा दुर्गा अजून तिथंच होती. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला होता. समोरच्या पायरीवर भैय्याजींनी खुर्ची टाकली होती, स्वतः सावलीत.

टाइम ऑफिसात गेल्यावर शेषरावांनी यादी काढली. चूक यादीतच असावी अशी त्यांची फार इच्छा होती. टाइपिस्टनं काही तरी उलटसुलट केलं असेल, सायक्लोस्टाइल पुसट असेल. पण यादी स्वच्छ होती. "हटवार बी. के., ए." आणि त्याच्याखाली "हटवार भैय्याजी, सी." दोन हटवार. रविवारी सकाळी घाईत त्यांनी वरची ओळ वाचली होती. बस, एवढंच. एका ओळीचा फरक.

तो कागद त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला. मग पंधरा दिवसांपूर्वीची यादी काढली. दोन नंबर: यादीत ए शिफ्ट, आणि बाईंनी सांगितलेला मंगळवारचा बाजार. स्लेटवर तेच. तीन नंबर: ए शिफ्ट, मॅडम शाळेत. स्लेटवर तेच. सात नंबर: खरं सी, स्लेटवर ए. चोर कोणाच्या सांगण्यावरून येत नव्हता. तो भंगारवाला असेल, सुऱ्यांना धार लावणारा असेल, कोणी का असेना, तो नुसता रस्त्यानं चालत होता आणि वाचत होता. आठ दारांवर आठ घरांची हकिगत लिहून ठेवली होती, सुवाच्य अक्षरात. त्याला चोर व्हायलाही फार कष्ट पडले नसतील.

हे सांगितलं तर दुर्गा सुटत होती. पण सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? गभणे चुकले. गभण्यांनी चूक लपवली. आणि ऑफिसची यादी घरी नेऊन दारादारांवर लिहिली, तीही कोणाची परवानगी न घेता. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. शेषरावांनी चष्मा तीनदा पुसला. न सांगण्याची बाजूही त्यांनी नीट तपासली. तिला दोन दिवस चौकीवर बसवतील, काही सापडणार नाही, सोडून देतील. मग ती दुसऱ्या सेक्टरात काम धरेल. अशा बायकांना सवय असते, असंही त्यांना वाटून गेलं, आणि ते वाटल्याची त्यांना स्वतःलाच किळस आली.

साडेपाचला ते परत आले तेव्हा लाइनीतले सगळे पुरुष रस्त्यावर उभे होते. दुर्गा उठून उभी राहिली होती. तिचे ओठ फुटले होते. तिला कोणी पाणी दिलं होतं की नाही, हे विचारायचं धाडस शेषरावांना झालं नाही. प्रेमलाबाई दारात उभ्या होत्या, हातात रिकामा पेला. म्हणजे निदान त्यांनी दिलं असावं.

"चला," भैय्याजी म्हणाले. "गभणेबाबू, तुमी बी चला. तुमचं इंग्रजी चांगलं हाय, रिपोर्ट तुमीच लिवा."

"थांबा." शेषरावांनी सायकल स्टँडवर लावली. पायाची क्लिप काढायचं मात्र विसरले. "दुर्गा नाही चोर. मंगळवारी तुमच्या घरी जो घुसला, त्याले कोणं पाठवलं ते मले माहीत हाय."

"कोणं?"

"मी."

कोणी तरी हसलं. मग कोणीच हसेना.

"भैय्याजी, मंगळवारी तुमची शिफ्ट कोणती होती?"

"सी. अख्ख्या लाइनीले माहीत हाय. झोपून होतो मी."

"दारावर काय लिहिलं होतं?"

"मी कावून पायीन मायाच दारावरचं? ते तुमी लिवता."

"मी ए लिहिलं होतं. वर सूर्य. खाली, बाई नागपूरले गेल्या म्हणून." शेषरावांचा आवाज फाटला, पण ते थांबले नाहीत. "दोन हटवार आहेत यादीत. मी दुसऱ्याची ओळ वाचली. माया हातून चूक झाली. चोरानं स्लेट वाचली अन् घर खाली समजून घुसला. आता मले एक सांगा. त्या दिवशी नऊ वाजता ही भांडे घासायले आली होती का नाही तुमच्याकडे?"

"आली होती."

"तुमी तिले काय म्हटलं?"

भैय्याजींनी मान फिरवली.

"काय म्हटलं जी? मले इथून ऐकू आलं होतं, एक नंबरात."

"म्हटलं, वाजवू नको, झोपून राहिलो," भैय्याजी पुटपुटले.

"म्हणजे तुमी घरात आहा, हे तिले पक्कं माहीत होतं. तिनं कोणाले सांगतलं असतं तं तो तुमच्या घरी कावून आला असता, मार खायले? खरं काय ते तिले माहीत होतं. खोटं फक्त स्लेटवर होतं. त्यानं हिले नाही विचारलं. त्यानं मले वाचलं."

पलीकडच्या लाइनीत प्रेशर कुकरची शिट्टी झाली. शेषरावांना क्षणभर वाटलं, संपलं. बोलायचं ते बोलून झालं, आता लोक जातील.

पण विजयाबाई पायरीवरून उठून पुढं आल्या. दिवसभर रडून त्यांचे डोळे सुजले होते. "गभणेबाबू, स्लेट चुकली हे तुम्हाला कधी कळलं?"

शेषराव खाली बघू लागले.

"कधी कळलं?"

"काल."

"काल." त्यांनी तो शब्द हळूच परत म्हटला. "काल बोलला असता तर सगळ्या स्लेटा कालच उतरल्या असत्या. माझ्या आईचा गोफ आज घरात असता."

मग जे सुरू झालं ते अर्धा तास थांबलं नाही. दोन नंबरवाले म्हणाले, आमची समई भरून द्या. पाच नंबरवाल्यांना आठवलं, की आपल्याला ही स्लेटची भानगड पहिल्यापासून आवडली नव्हती. गणपतीतल्या शालीचा विषय कोणी तरी काढला. भैय्याजींना सकाळपासून चोर हवा होता, त्यांना आता दुसरा मिळाला. "टाइम ऑफिसात बसून आमच्या घराचं टाइमटेबल वाटून राहिला हा! अबे, चोराले एवढं तं त्याच्या बापानं नसतं शिकवलं!" चोवीस वर्षं चष्म्याआडून बघणाऱ्या माणसाला अबे म्हणायची संधी भैय्याजींना पहिल्यांदाच मिळाली होती, आणि त्यांनी ती पुरेपूर वापरली. ते तरातरा आपल्या दाराशी गेले, स्लेट ओढून काढली आणि एक नंबरच्या व्हरांड्यात फेकली. तिची चौकट निखळली. मग एकेक करून सगळ्यांनी आणून टाकल्या. विजयाबाईंनी तेवढी आपली फेकली नाही. त्यांनी ती एक नंबरच्या पायरीवर ठेवली आणि त्या निघून गेल्या.

या गोंधळात दुर्गा कधी गेली ते कोणाला कळलंही नाही. तिची माफी मागायची राहिली, असं कोणी म्हटलं नाही. उलट पाचही घरांनी रात्रीच ठरवलं, की चोर नसली तरी आता नको ही बाई, उगीच डोक्याला ताप.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती एक नंबरच्या मागच्या अंगणात. तिचा कप तिथं खिडकीखालच्या कोनाड्यात असायचा. घरातल्या कपांपासून वेगळा, कान तुटलेला. तिनं तो घेतला आणि पिशवीत टाकला.

"अगं, दुर्गा, कुठी चालली?" प्रेमलाबाई बाहेर आल्या. "बाकीच्यायचं सोड. आमचं तं कर. बाबूनं तुले सोडवलं नं काल?"

शेषराव आत दाढी करत होते. वस्तरा हातात घेऊन तेही दाराशी आले. कदाचित ती काही बरं बोलेल, असं त्यांना वाटलं असावं. इतकं गमावल्यावर माणसाला तेवढी आशा राहतेच.

नऊ वर्षं ती त्यांच्याशी मोडक्या हिंदीत बोलत आली होती, आप म्हणत आली होती. आज ती तिच्या छत्तीसगढीत बोलली, आणि सरळ तैं म्हणून.

"सुरुज ल तैं मेटे," ती म्हणाली. "अउ घाम म मैं बइठेंव."

घाम म्हणजे तिच्या बोलीत ऊन. सूर्य तू पुसलास, आणि उन्हात मी बसले. प्रेमलाबाईंना अर्थ लागला नाही. शेषरावांना लागला. त्यांच्या गालावरचा साबण तसाच वाळला.

पुढं फार काही घडलं नाही. चोर सापडला नाही. भैय्याजींनी ऑफिसात अर्ज दिला, चौकशी झाली आणि शेषरावांना टाइम ऑफिसातून उचलून डाकेच्या टेबलावर बसवलं. आलेल्या पाकिटांवर शिक्का मारायचा, गेलेल्या पाकिटांवर शिक्का मारायचा. तिथं कोणी उशिरा आलं तर विचारायचा अधिकार त्यांना नव्हता. लाइनीत त्यांच्याशी कोणी बोलेना. प्रेमलाबाईंना हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. त्यांनी तेवढं एकदाच बोलून दाखवलं.

फक्त एक गोष्ट बदलली. जेवणाच्या सुट्टीत घरी आले की शेषराव आत बसेनात. ते ताट घेऊन मागच्या अंगणाच्या दाराबाहेर स्टूल टाकून गल्लीत बसत. त्या गल्लीत कचऱ्याच्या कुंड्या होत्या, वाळत घातलेल्या चड्ड्या होत्या आणि कुत्री होती. शाळेत गेलेल्या, बाजारात गेलेल्या, ड्यूटीवर गेलेल्या माणसांची आठ टिनाची दारं तिथून सरळ रेषेत दिसत.

"लोक काय म्हणतीन जी? गटारीकाठी जेवून राहिले," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"म्हणू दे. कोणी तरी असलं पाहिजे."

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी ते असेच बसले होते. गल्लीच्या टोकाकडून दुर्गा आली. पलीकडच्या सेक्टरात तिला कामं मिळाली होती आणि बसस्टॉपला जायला हाच रस्ता जवळचा होता. शेषराव ताट मांडीवर घेऊन थोडे सावरून बसले. तिनं त्यांना पाहिलं, म्हणजे पाहिलं नाही. ती सात नंबरशी आली. भैय्याजींच्या अंगणाचं दार अर्धवट उघडं होतं, वाऱ्यानं आतबाहेर हलत होतं. तिचा हात आपोआप वर गेला. दारावरून आत जाऊन खिटीपर्यंत पोचला.

मग ती थांबली. हात तिनं हळूच परत घेतला, पदराला पुसला आणि ती निघून गेली. एक नंबरवरून जाताना तिची सावली शेषरावांच्या ताटावरून सरकली. तिची पावलं वळणापर्यंत ऐकू आली आणि मग ऐकू येईनाशी झाली.

दार हलतच राहिलं. दिवाळीपर्यंत ते कधी असं हललं नव्हतं. शेषरावांनी ताट स्टुलावर ठेवलं. उजवा हात वरणभाताचा होता. ते चालत सात नंबरपर्यंत गेले, दार ओढलं, वरून डावा हात आत घातला आणि खिटी पाडली.

खट्.

"कोण हाय बे?" आतून भैय्याजींचा झोपेतला आवाज आला. सी शिफ्ट होती त्यांची. "दिवसा बी झोपू देत नाहीत साले!"

शेषराव दाराला हात लावून उभे राहिले. क्षणभर त्यांना वाटलं, नाव सांगावं. मग त्यांनी खिटी नीट बसली का ते एकदा ओढून पाहिलं आणि शेजारच्या दाराकडे वळले.